चूलबंद आवतण

खारवाडीत माणिकबाई माळणीला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर ते फक्त तिच्या आईनं. आणि आईला जाऊनही आता जमाना झाला होता. जेवतानासुद्धा बाई एका पायावर. भाकरीचा तुकडा हातात, लक्ष दारात. नवरा चंद्रभान म्हणायचा, "हिच्या पायाले भिंगरी बांधूनच हिच्या बापानं हिले धाडलं, बाप्पा!" पहाटे मळ्यात फुलं खुडायची आणि दिवस उगवला की टोपली डोक्यावर घेऊन घरोघर देवापुरती फुलं टाकत जायची, हा तिचा धंदा. प्रत्येक ओट्यावर ओंजळभर झेंडू-शेवंती, दाराशी एक हाक, म्हाताऱ्याच्या खोकल्याची चौकशी, की निघाली. सुगीला घरटी सूपभर ज्वारी मिळायची, त्यावर वर्ष निघायचं.

गावात चुली होत्या त्र्याऐंशी. माणिकबाईची टोपली थांबायची एक्याऐंशी दारांत. एक चूल तिची स्वतःची. दुसरी तिच्या थोरल्या जावेची, गंगूबाईची, आणि त्या दारावरून ती गेली सात वर्षं मान वळवून जात होती.

भांडण कशावरून? शेतावरून नाही, दागिन्यावरून नाही. आवतणावरून! वऱ्हाडात लग्नाचं बोलावणं दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हटलं की घरातल्या एका माणसानं जेवायला यायचं. 'चूलबंद' म्हटलं की पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही. चूलबंद आवतण म्हणजे तुम्ही आमचे, बस. तर गंगूबाईच्या पोरीच्या लग्नात माणिकबाईला, सख्ख्या जावेला, आवतण आलं 'घरटी एक'! माणिकबाई पेटलीच. लग्नाच्या दिवशी भर दुपारी तिनं मुद्दाम ओली काटकं घालून चूल पेटवली, आणि मांडवातल्या पाहुण्यांनी नवरदेवापेक्षा तो धूरच जास्त पाहिला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. गंगूबाईनं तर माळ्यांच्या विहिरीवर पाय ठेवणंही सोडलं, कारण विहीर माणिकबाईच्या मळ्याला लागून. ती गढीजवळच्या विहिरीचं पाणी भरू लागली.

आता हे पाणी भरणं म्हणजे काय, ते ज्यानं पूर्णाकाठचं पाणी प्यायलं त्यालाच कळेल. अकोटाच्या खाली पूर्णेकडं उतरलं की जमीन काळी, लोण्यासारखी. पण पोटात सगळं खारं पाणी. गढीच्या विहिरीचा घोट तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. अख्ख्या खारवाडीत गोडं पाणी एकाच जागी: माळ्यांची विहीर. तिच्यावर मोट चालायची म्हणून माणिकबाईची शेवंती फुलायची, आणि गावाची तहानही तिथंच भागायची. तशा विहिरीला पाठ दाखवून गंगूबाई सात वर्षं खारं पाणी पीत होती. हट्ट म्हणावा तर असा!

त्या साली समुद्रापार कुठंतरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपलेली, त्यांचा कापूस अडला, आणि विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. भाव असा चढला की माणसांना झोप येईना. ज्याच्याकडं कालपर्यंत धड पागोटं नव्हतं त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घातली. बागेतलं वांगं उपटून लोक सरकी टोबू लागले. निम्मे गडी गाड्या जुंपून खामगावच्या वाटेवर. चंद्रभान आणि त्याचा थोरला भाऊ किसनराव, म्हणजे गंगूबाईचा नवरा, दोघंही दीड महिना गावात नव्हते. आणि मुंबईच्या एका पेढीचा दलाल पाटलाच्या ओसरीवर येऊन बसला. त्याला विहिरीजवळची गावची पडीक जागा हवी होती. तिथं कापसाचं आवार करायचं, भोवती भिंत घालायची, गावातच कापूस उचलायचा. गाठी बांधायला, बैलांना पाणी लागणार, म्हणून विहीरही भिंतीच्या आत.

"पानी मिळनारच ना!" पाटील खुशालराव समजावत फिरला. "सकायी घरटी दोन घागरी, असं कबूल केलं त्यानं." खुशालराव वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की खारवाडीचं अकोट होईल.

"अन् भिंतीच्या दाराची किल्ली कोनाजवय?" माणिकबाईनं भर पारावर विचारलं. खुशालराव हसला आणि पान चघळत पुढच्या माणसाकडं वळला. माणिकबाई पारावरून उतरली ती मनाशी हिशोब करतच. विहीर गेली तर मोट गेली, मोट गेली तर मळा गेला, आणि मळा गेला तर ही भिंगरी फिरणार कुठं?

जागा गावाची, म्हणून तहसिलीतून हुकूम आला की जास्त घरं म्हणतील तसं. मारुतीच्या पारावर म्हातारे पंच जानराव यांनी रीत ठरवली. दर चुलीमागे एक दाणा, मूठ बंद करून मडक्यात टाकायचा. विहीर गावाचीच ठेवायची असेल तर ज्वारी. आवार पाहिजे असेल तर सरकी. बिस्तरवारी, म्हणजे येत्या गुरुवारी, तहसिलीचा कारकून येईल, दिवस मावळायच्या आत दाणे मोजून लिहून नेईल.

"अन् घरधनी गाडी घेऊन गेला असंन तर?" घरीच राहिलेल्या म्हाताऱ्या शेषरावानं विचारलं.

"चूल कोन पेटवते?" जानराव म्हणाले. "जे पेटवते ते दाना टाकीन."

बायका! खुशालरावाचं पान तोंडातच राहिलं. रोज पाण्याला जाणाऱ्या बायका काय टाकतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण पाटलाचं डोकं ते. तो सावकाश म्हणाला, "चालंन. पन गावची रीत मोडू नका. बिनआवतनाची चूल या पारावर कधी आली नाई, आताही येनार नाई. ज्या चुलीले कोनी हातावर दाना ठेवून आवतन दिलं, तीच मोजाची. अन् बरोबरी झाली तर पाटलाचा शब्द." त्यात खोटं काही नव्हतं, रीतच होती. जानरावांनी मान हलवली.

त्याचा हिशोब सरळ होता. कापूस वेचणीचे दिवस, बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली; एवढ्या दारांत आवतण द्यायला कुणाला सवड? कोतवालानं दवंडी पिटली, पण खारवाडीत म्हणतातच, दवंडी ढोराले अन् आवतन माणसाले. दवंडी ऐकून कुणी उठत नाही.

माणिकबाईनं त्याच संध्याकाळी ज्वारीला हळद लावली. बोटांवर एकेक दार धरत दाणे मोजले: ब्याऐंशी. आणि दुसऱ्या दिवसापासून फुलांच्या टोपलीबरोबर आवतण निघालं.

चार दिवस बाईनं गावाला सुखानं जगू दिलं नाही. ओट्यावर फुलं ठेवायची, घरातल्या बाईला हाक मारायची, कुंकू लावायचं, हातावर पिवळा दाणा ठेवायचा आणि म्हणायचं, "बिस्तरवारी पारावर या. विहिरीचं आवतन हाय." पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली: "ध्यानात हाय ना?" तिसऱ्या दिवशी काहींनी तिला पाहून दारं लोटली. ती खिडकीतून बोलली. रात्री अंथरुणावर पडली तरी तिचे पाय हलतच असायचे, आणि डोक्यात दारं: हे येईल, ते येणार नाही, ते येईल पण सरकी टाकेल.

शेषरावानं दाणा घेतला आणि बंडीतून दुसरा, सरकीचा, काढून दाखवला. "पाटलाचाही घेतला बाई. दोनी ठेवतो. त्या दिवशी जो हाताले लागंन तो."

"लाज नाई वाटत? नातू कोनतं पानी पेते तुया?"

"गोडं."

"मंग ज्वारी मुठीत ठेव न् सरकी खिशात!"

मैनाबाई म्हणाली, "माय, यायची लई इच्छा हाय. पन एक दिवस वेचनी बुडाली तर बोंडं खाली गळतीन, मायी सासू मले उभी चिरंन."

"तुयी वेचनी मी करतो," माणिकबाई म्हणाली, आणि नुसतं म्हणाली नाही. बुधवारी दिवसभर ती मैनाबाईच्या शेतात वाकली. बोंडाच्या काट्यांनी बोटं सोलून निघाली. हे कळलं तशा आणखी तिघी-चौघी म्हणाल्या, आमचंही एवढं पाहा. मग मळ्याकडच्या चार माळणी आपणहून उठल्या. कुणी कुणाचं पोर सांभाळलं, कुणी भाकऱ्या थापून दिल्या, म्हणजे घरधनीण गुरुवारी मोकळी.

एक्याऐंशी दाणे गेले. एक उरला. तो माणिकबाईच्या पदराच्या गाठीत होता आणि चार दिवस तिला टोचत होता. त्या दारावरून ती दिवसातून दोनदा गेली, दोन्ही वेळा मान वळवून. एकदा वाटलं, आतून कुणीतरी उभं राहून पाहतंय. तिनं पाय उचलला.

बिस्तरवार उजाडला. पारावर मडकं, मडक्याच्या तोंडावर फडकं, शेजारी कारकून आपली यादी घेऊन. चिंचेच्या शेंड्याआड दिवस गेला की मी उठणार, त्यानं बजावलं. खुशालरावानं आपल्या लोकांसाठी गढीत रोडगे आणि वांग्याची भाजी केलेली, तिचा वास सगळ्या गावात. तरीपण बायका आल्या. डोक्यावर पदर, मूठ आवळलेली, एकीमागं एक. मैनाबाई आली. तिची सासूसुद्धा आली, सुनेवर पहारा ठेवायला. जानराव दर दाण्यामागं एक खडा बाजूला टाकत होते. माणिकबाई पारापासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून पारापर्यंत येरझारा घालत होती.

दिवस कलला तसे जानराव हळूच म्हणाले, "माणिक, खडे एक्याऐंशी झाले. एक्याऐंशी!" म्हातारा खड्यांच्या ढिगावरून हात फिरवत होता. "असं गाव मी जन्मात पाह्यलं नाई. पन चेहरे पाहून सांगतो, एका दान्याचा खेळ हाय हा. गंगू नाई आली."

"पाटलानं धाडलं असंन तिले आवतन."

"गडी धाडला होता. तिनं वापस लावला. म्हने, घरधनी नसताना गड्याच्या हातचं आवतन घ्याले मी का कोनी ऐरीगैरी हाय? बाईनं यावं, कुंकू लावावं." जानरावांनी तिच्याकडं पाहिलं. "वाट पाहून राहिली ते. कोनाची, ते मी कशाले सांगू?"

माणिकबाईनं चिंचेकडं पाहिलं. दिवस शेंड्यापासून हातभर वर होता. सात वर्षांचा ताठा एकीकडं, विहीर एकीकडं. ती पळाली. लुगड्याचा काष्टा सावरत, ढेकळांतून, शेताशेतांतून.

गंगूबाई शेतात एकटीच वेचत होती, ओटी कापसानं फुगलेली. जाऊ धापा टाकत समोर उभी राहिली तरी तिचे हात थांबले नाहीत.

"आवतन हाय," माणिकबाई म्हणाली.

"कोनतं?" गंगूबाईनं वर न पाहता विचारलं. "घरटी एक, का चूलबंद?"

चपराक बसावी तसं झालं माणिकबाईला. बोलायला तोंड उघडलं ते रडायलाच. "सात वर्षं झाली व बाई! सख्खी जाऊ मी, अन् मले घरटी एक? काहून केलं तसं?"

आता गंगूबाईचे हात थांबले. "ज्वारी नव्हती," ती म्हणाली. "त्या साली पानी नाई पडलं, इसरली? मांडवापुरतंच पीठ होतं. तुमच्या घरी सासूबाई धरून खानारे आठ. वाटलं, बाकीचे रुसतीन. माणिक आपली हाय, समजून घेईन. तुले येऊन सांगाची लाज वाटली. मंग तुया घरचा धूर दिसला." तिनं कापसाची ओटी सावरली. "तू तरी कधी इचारलं?"

नाही विचारलं. एक्याऐंशी दारांत खोकल्यापासून खरजेपर्यंत सगळं विचारणाऱ्या बाईनं तेवढं एका दारात विचारलं नव्हतं. माणिकबाईनं पदराची गाठ सोडली. हळदीचा दाणा निघाला, घामानं ओला झालेला. तिनं जावेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दाणा हातावर ठेवला. "चूलबंद," ती म्हणाली.

गंगूबाईनं मूठ मिटली. "तुयी विहीर राह्यली का गेली, मले काय? मी खारंच पेतो." एवढं बोलून ती पाराच्या वाटेला लागली. मध्येच धुऱ्यावर, आपल्या शेताच्या बांधावर, थांबली आणि ज्वारीचं कणीस चाचपत बसली. "अवं चाल ना, दिवस बुडून राहिला!" माणिकबाई नुसती तडफडली. जाऊ आपली तिच्याच चालीनं.

पारावर पोचल्या तेव्हा दिवस शेंड्याला टेकला होता. गंगूबाईनं फडक्याखाली मूठ नेली आणि रिकामी बाहेर काढली. चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. जानरावांनी ब्याऐंशीवा खडा टाकला. कारकुनानं मडकं चादरीवर उपडं केलं.

एका बाजूला सरकी, एका बाजूला ज्वारी. लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून पाहत होते. माणिकबाईला पाहवेना, ती पाठ करून उभी, आणि पाठ करूनही पाय हलतच.

"सरकी एकेचाळीस," कारकून म्हणाला. "ज्वारी... एकेचाळीस."

"बरोबरी!" खुशालराव उठलाच. "पाटलाचा शब्द."

"थांबा, पाटील." कारकुनानं यादीवर बोट ठेवलं. "माझ्याकडं त्र्याऐंशी चुली लिहिल्यात. एक राहिली. कोणाची?"

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. मैनाबाईनं सासूकडं पाहिलं, सासूनं शेषरावाकडं. आणि शेषराव एकदम ओरडला, "अवं माणिक! अवं, तूच नाई टाकला!"

माणिकबाईचे पाय थांबले. ब्याऐंशी दारं मोजताना स्वतःचं दार तिनं बोटावर धरलंच नव्हतं. कसं धरणार? आवतण देणारी बाई आपल्याच दारात उभी राहून आपल्यालाच हाक मारते, असं कुणी ऐकलंय? ती पुढं धावली तसा खुशालराव आडवा आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"थांब बाई. तुले आवतन कोनी दिलं?"

ती बाजूनं मडक्याकडं निघाली तसा त्यानं हात आडवा धरला.

"बिनआवतनाची चूल पारावर नाई. जानराव, सांगा, रीत हाय का नाई?" जानरावांनी मान खाली घातली. रीत होती. आणि चिंचेच्या फांद्यांतून दिवसाची नुसती लाल कोर उरली होती. कारकुनानं दौतीचं झाकण लावायला घेतलं. चार दिवस माणिकबाईनं अख्खं गाव पायाखाली घातलं, आणि बुडाली ती स्वतःच्या उंबरठ्यावर!

गर्दीतून गंगूबाई पुढं आली. घाई नाही, गडबड नाही. तिनं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटानं पुसलं आणि माणिकबाईच्या कपाळाला लावलं. मग पदराची गाठ सोडली. आत ज्वारीचा एकच दाणा होता, हळदीचा, पिवळा.

"हा तर तुले देल्लेला..." माणिकबाई पुटपुटली. तिनं चादरीकडं पाहिलं. पिवळ्या दाण्यांच्या ढिगात एक दाणा पांढराफट्ट होता, नुकता कणसातून काढलेला.

"मडक्यात मी माया धुऱ्यावरचा टाकला," गंगूबाई म्हणाली. "हा सात वर्षांनी आला होता. टाकाचा जीव नाई झाला." तिनं तो जावेच्या सोललेल्या हातावर ठेवला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माणिक, आज मायाकडे आवतन हाय तुले. तुले, पोरायले, सासूबाईले. घरटी एक नाई. चूलबंद."

खुशालराव बाजूला झाला. आपणच घातलेली आडकाठी आपणच कशी मोडणार? माणिकबाईनं दाणा मडक्यात टाकला. रिकाम्या मडक्यात तो टण्णकन वाजला, आणि कारकुनानं दौत पुन्हा उघडली.

त्या संध्याकाळी खारवाडीच्या ब्याऐंशी घरांतून धूर निघाला. माणिकबाईच्या घरातून निघाला नाही. ती गंगूबाईच्या चुलीपुढं मांडी घालून बसली होती, भाकरी संपेपर्यंत, एकदाही न उठता. आणि गंगूबाई माळ्यांच्या विहिरीवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन दारातून आत येत होती.